गंगेचा गडू आणि हवेची कुपी

आमच्या मातोश्री १९६८ सालीं काशीयात्रा करून परत आल्या, तेव्हां त्यांच्या वळकटींत तांब्याचे दोन गडू होते. मुठीएवढे, तोंडावर तांब्याची चकती बसवून तिच्या कडेनें डाख दिलेला. मावंदें झालें, आणि ते गडू देवघराखालच्या फडताळांत गेले. पुढें पस्तीस वर्षें दसऱ्याच्या आदल्या दिवशीं चिंच लावून घांसण्यापलीकडे त्यांच्याकडे कोणी पाहिलें नाहीं. त्यांतील एक आपल्या अखेरच्या वेळीं फोडावा, अशी मातोश्रींची इच्छा होती. दुसऱ्याचें काय करावें तें मागें राहतील त्यांनीं ठरवावें, असें त्या हंसून म्हणत. २००३ सालीं ती वेळ आली. वडील बंधूंनीं सुरीच्या टोकानें डाख उचकटला आणि गडू तुळशीपत्रावर उपडा केला. दोन थेंब आले. तिसरा आला नाहीं.

शास्त्रार्थाला दोन थेंब पुष्कळ झाले. परंतु डाखाला कोठें भोक दिसत नसतां, गडू कधीं कलंडलेला नसतां, ओंजळभर पाणी गेलें कोठें, हा प्रश्न माझ्या मनांतून गेला नाहीं. त्याचें उत्तर यंदा गौरींच्या सणाला घरीं आलेल्या माझ्या भाचीकडून मिळालें. ही मुलगी हवेंतील वायूंवर संशोधन करते. या खेपेस ती जरा उदास दिसली. कारण विचारलें तेव्हां म्हणाली, “मामा, आजीचा गडू आणि माझ्या कुप्या एकाच रोगानें गेल्या.” त्या रोगाची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून या महिन्याचें हें पान.

प्रथम तिच्या कामाविषयीं थोडेसें. कोणत्याही मूलद्रव्याचे सगळेच अणु एका वजनाचे असतात असें नाहीं. कार्बनच्या शंभर अणूंतील सुमारें नव्याण्णव १२ वजनाचे आणि जेमतेम एक १३ वजनाचा. यांना समस्थानिक म्हणतात. हीं सख्खीं भावंडें: तोंडवळा एक, स्वभाव एक, फक्त एक अंगानें किंचित् जड. कार्बन डायऑक्साइड, ज्यास आपण सोयीसाठीं नुसतें कर्बवायु म्हणूं, त्यांत हीं दोन्ही भावंडें असतात. वनस्पति मात्र हवेंतून कर्बवायु घेतांना हलक्याला थोडें अधिक जवळ करतात. दगडी कोळसा आणि खनिज तेल हे मूळचे सजीवांचेच अवशेष, त्यामुळें त्यांतील कार्बनही हलक्या बाजूला झुकलेला. तो जाळला कीं हवेंतील कर्बवायु वाढतो, एवढेंच नव्हे, तर तो अधिकाधिक हलकाही होत जातो. या जडपणाचें माप एका ठराविक प्रमाणाशीं तोलून ‘दर हजारीं इतकें कमी’ असें सांगतात. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेचा आंकडा दर हजारीं सुमारें साडेसहा कमी असा होता. आतां तो सुमारें साडेआठ आहे. म्हणजे दोन शतकांत हजारांत दोनांचा फरक! आणि सध्यां एका वर्षांत पडणारा फरक पाहूं गेलें तर तो लाखांत दोन-तीन एवढाच भरतो. हा हिशेब करणारें मास स्पेक्ट्रोमीटर नांवाचें यंत्र आहे, आणि तें आपलें काम चोख करतें. अडचण यंत्रांत नाहीं. हवा जेथें भरली तेथून यंत्रापर्यंत तिनें जो प्रवास करावयाचा, जितके दिवस भांड्यांत बसून राहावयाचें, त्या अवधींत ती तीच राहील काय, ही खरी अडचण.

आपल्या घरांत साठवणुकीचें शास्त्र कांहीं कमी नाहीं. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात, कापराच्या डबींत मिऱ्यांचे चार दाणे टाकतात, हिंग घट्ट झांकणाच्या डब्यांतच ठेवतात. पण या सर्वांत एक गोष्ट आपण गृहीत धरतों: उरलें तें चांगलें. कापूर अर्धा उडाला तरी उरलेली वडी कापराचीच असते, आरतीला ती चालते. समस्थानिकांच्या बाबतींत हा नियम लागू नाहीं. तेथें थोडें निसटलें कीं उरलेलेंही बदलतें.

याचें कारण टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनज्ञानें दाखवून दिलें. १८३३ सालीं त्यानें प्रसिद्ध केलेल्या निबंधाचा आशय असा, कीं प्लास्टरच्या सच्छिद्र गुडदींतून वायु निसटूं लागले म्हणजे हलका वायु जलद जातो, जड वायु सावकाश जातो, आणि हा वेग घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणांत असतो. कर्बवायूचा साधा रेणु ४४ वजनाचा, जड कार्बनचा ४५ वजनाचा. वर्गमूळ काढून पाहिलें तर हलका रेणु शेंकडा सव्वा टक्क्याहूनही कमी, म्हणजे सुमारें १.१ टक्का अधिक वेगानें पळतो. किती क्षुल्लक! पण आतां हिशेब करा. कुपींतील शंभर भागांपैकीं एकच भाग अशा सूक्ष्म रंध्रांतून निसटला, तर मागें राहिलेल्या नव्याण्णव भागांतील प्रमाण लाखांत सुमारें अकरांनीं सरकतें. वर सांगितलेल्या चालीनें हवेला एवढें बदलावयास चार-पांच वर्षें लागतात. शेंकडा एक गळती, आणि चार-पांच वर्षांचा इतिहास खोटा! हेलियमची गोष्ट तर याहून कठीण. त्याचीं दोन भावंडें ३ आणि ४ वजनाचीं, त्यामुळें त्यांच्या वेगांत शेंकडा पंधरांचें अंतर पडतें.

येथें एक गंमत आहे. भोक चांगलें ठसठशीत असेल तर त्यांतून जड आणि हलके दोघेही एका लोंढ्यांत बाहेर पडतात, आणि उरलेल्याचें प्रमाण फारसें बिघडत नाहीं. निवड होते ती अगदीं बारीक रंध्रांत. शिवाय मोठें भोक सांपडतें. बारीक सांपडत नाहीं.

मातोश्रींच्या गडूंतले ते दोन थेंब मला येथें आठवले. पाण्याची वाफ होतांना हलकें पाणी अगोदर जातें आणि जड ऑक्सिजनचें मागें रेंगाळतें. उंच पर्वतावर पडणारें हिम सपाटीवरील पावसापेक्षां हलक्या पाण्याचें असतें, त्यामुळें हिमालयांतून उतरणाऱ्या गंगेच्या पाण्याला त्याची अशी एक खूण असते. पस्तीस वर्षें वाफ होऊन उरलेल्या त्या थेंबांतून ती खूण पार पुसली गेली असणार. आमच्यापुरतें तें पाणी गंगेचेंच होतें. यंत्रापुढें ठेवलें असतें तर त्यानें तें उन्हाळ्यांत आटत आलेल्या एखाद्या तळ्याचें ठरविलें असतें.

आतां भाचीच्या कुप्यांकडे वळूं. कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांत वारा समुद्रावरून येतो, हिंवाळ्यांत जमिनीवरून. या दोन वाऱ्यांबरोबर कर्बवायूचें प्रमाण आणि त्याचा जडपणा कसा बदलतो, हें तिला पाहावयाचें होतें. असें काम आपल्याकडे पूर्वीं झालेलें आहे. गोव्यांत काब-दी-राम येथें समुद्रकाठच्या हवेचे नमुने १९९३ पासून अनेक वर्षें घेतले गेले आणि ते कांचेच्या चंबूंतून तपासणीसाठीं ऑस्ट्रेलियांत जात असत. भाचीनें आपल्या परीनें लहान प्रमाणांत तोच प्रयत्न एक वर्षभर, दर आठवड्यास एकदां, केला. दोन तोट्यांचे चांगले चंबू महाग, म्हणून ते तिला महिन्यास एकच पुरत. बाकीचे नमुने तिनें १२ मिलिलिटरच्या कांचेच्या कुप्यांत घेतले. या कुप्यांच्या आट्याच्या झांकणांत रबराची चकती असते. सुई टोंचून हवा भरावयाची, सुई टोंचूनच काढावयाची. स्वस्त, सुटसुटीत, हजारों लोक वापरतात. यंत्रावर तिची पाळी येईपर्यंत आठ महिने गेले. तितके दिवस त्या कुप्या खोलींतल्या कपाटांत बसून होत्या.

रबर ही भिंत नव्हे, हें आपण विसरतों. वायु रबरांत एका अंगानें विरघळतो आणि दुसऱ्या अंगानें बाहेर पडतो. भोक लागतच नाहीं. जत्रेंतला फुगा गांठ न सुटतां दुसऱ्या दिवशीं सुकतो तो यामुळेंच. ब्युटिल जातीचें रबर पुष्कळ बरें, म्हणून मोटारींच्या ट्यूबा त्याच्या करतात. कुप्यांच्या चकत्याही त्याच जातीच्या असतात. पण बरें म्हणजे अभेद्य नव्हे, आणि सुईच्या टोंचणीनें तें अधिकच दुबळें होतें. आतां ज्या खोलींत पांच-सहा माणसें दारें-खिडक्या लावून दिवसभर बसतात, तेथील हवेंत कर्बवायु बाहेरच्यापेक्षां बराच अधिक असतो. तो माणसांच्या उच्छ्वासांतला. आणि उच्छ्वासांतला कार्बन अन्नांतून, म्हणजे शेवटीं वनस्पतींतून आलेला, म्हणून हलका. तो चकतींतून हळूहळू आंत शिरला. बरणींतलें लोणचें बाहेर न सांडतां बाहेरची बुरशी आंत यावी, तसा प्रकार!

आंकडे आले, तेव्हां ऐन आषाढांतल्या समुद्रवाऱ्यांत शहरी धुराची खूण दिसूं लागली. “आणि मामा, सगळ्यांत वाईट हें, कीं तो आलेख फार सुरेख होता,” भाची म्हणाली. आंकडे वेडेवांकडे आले असते तर शंका आली असती. हे तर एका बाजूला शिस्तीनें झुकलेले. प्रयोगशाळेंत आनंदीआनंद झाला, निबंधाचा मसुदाही तयार झाला. महिन्याचे बारा चंबू मात्र तें मानावयास तयार नव्हते. त्यांच्यांतला आषाढ स्वच्छ होता. तिनें कांहीं नव्या कुप्यांत माहितीची हवा भरली, त्या त्याच कपाटांत तीन महिने ठेवल्या, आणि मग मोजल्या. त्याही झुकल्या होत्या. तिच्या मार्गदर्शकांनीं सुचविलें, कीं सरसकट थोडी दुरुस्ती लावून आंकडे वापरूं. तिनें नकार दिला. कारण प्रत्येक चकतीची टोंचणी निराळी, प्रत्येक कुपीचे दिवस निराळे, तेव्हां एकच दुरुस्ती लावणें म्हणजे एका खोट्यावर दुसरें खोटें रचणें. चाळीस आठवड्यांचे नमुने तिनें वहींतून कांट मारून काढून टाकले. तो आषाढ आतां पुन्हां येणार नाहीं. पदवीचें वर्षही लांबलें. मला तिचा अभिमान वाटला हें मी तिच्या आईला सांगितलें. तिला तोंडावर सांगण्याचें धाडस झालें नाहीं, कारण ती त्या वेळीं माझ्यावर उगीचच चिडली असती.

मग चांगलें भांडें कोणतें? मी तिला हा प्रश्न केला आणि पुढचा तासभर मला बोलावें लागलें नाहीं.

कर्बवायूसाठीं कांच उत्तम. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९५५ सालीं आपले नमुने पांच लिटरच्या, आंतली हवा काढून टाकलेल्या चंबूंत घेतले होते. १९५८ च्या मार्चमध्यें हवाई बेटांवरील मौना लोआ पर्वतावर त्याच्या मोजणीस आरंभ झाला. तेव्हां दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारें ३१३ भाग होते, आतां ४२० च्या वर गेले आहेत. चंबू भरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. वाऱ्याकडे तोंड करून उभें राहावयाचें, श्वास रोखावयाचा, वाऱ्याच्या दिशेनें पुढें चालत जावयाचें, आणि चंबू उंच धरून तोटी उघडावयाची. हवा आंत शिरल्याचा आवाज थांबला कीं तोटी बंद. मग श्वास सोडावयाचा. आपल्या उच्छ्वासांत कर्बवायु शेंकडा चारांच्या घरांत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या शंभरपट. एक निःश्वास पुरे झाला असता सगळें नासवावयास! प्राणायामाचा असा उपयोग आमच्या पूर्वजांच्या ध्यानींमनींही नसेल.

पण चंबू जितका चांगला तितकीच त्याची तोटी. जुन्या तोट्या घांसून बसविलेल्या कांचेच्या, ग्रीज लावून फिरणाऱ्या. ग्रीज सुकलें कीं त्यांत रेघा पडत. पुढें रबराचीं व प्लास्टिकचीं कडीं आलीं. टेफ्लॉनचें नांव गृहिणींना ठाऊक आहे: ज्या तव्याला धिरडें चिकटत नाहीं तें. कशाशींही न चिकटणारें म्हणून तें शास्त्रज्ञांनाही प्रिय. परंतु वायूंना तें आंतून वाट देतें, हें पुष्कळांना उशिरां उमगलें. त्याच घराण्यांतील, क्लोरीन असलेलें, केल-एफ या नांवानें ओळखलें जाणारें कडक प्लास्टिक या कामीं अधिक विश्वासाचें. मात्र तें ताठ असल्यामुळें तोटी बेतानें आणि नेमकी बसवावी लागते.

ओल हा दुसरा वैरी. कर्बवायु पाण्याच्या थेंबाशीं आपल्या ऑक्सिजनची अदलाबदल करतो. कार्बनचा हिशेब शाबूत राहतो, ऑक्सिजनचा बिघडतो. उष्ण आणि दमट बेटांवरून न वाळवितां भरलेल्या चंबूंची अशीच गत झाली होती. कोकणांतल्या श्रावणांत तर कांचेच्या आंतल्या बाजूस पाणी सुटावयास वेळ नको. म्हणून हवा मॅग्नेशियम परक्लोरेटच्या नळींतून नेऊन, कोरडी करूनच आंत घ्यावयाची.

फार दिवस ठेवावयाचें असेल तर कांचेच्या नळीची मान ज्योतींत वितळवून बंद करावी. तेथें झांकणही कांच आणि भांडेंही कांच, सांधा असा उरतच नाहीं. शुद्ध कर्बवायूला अशी नळी कित्येक वर्षें पुरते. पण हेलियमला नाहीं! हेलियमचा अणु इतका लहान कीं साध्या प्रयोगशाळेंतल्या कांचेंतूनही तो ये-जा करतो. बंगाल्यांतील बक्रेश्वरच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांतून निघणाऱ्या वायूंत हेलियम शेंकडा एकाहून अधिक आहे. सत्येन्द्रनाथ बोस आणि श्यामादास चॅटर्जी यांनीं त्याकडे लक्ष वेधलें होतें. आपल्या सभोंवारच्या हवेंत तो दहा लाखांत जेमतेम पांच भाग. असा वायु कांचेंत ठेवणें म्हणजे चाळणींत दूध ठेवणें.

“मग त्याला कशांत ठेवतात?” मी विचारलें. भाचीनें पिशवींतून वीतभर लांबीची एक नळी काढून माझ्या हातांत दिली. तांब्याची! करंगळीएवढी जाड, दोन्ही टोंकांना चपटी केलेली, आणि प्रत्येक चपट्या जागीं पोलादी चिमटा स्क्रूनें आवळलेला. तापवून मऊ केलेली स्वच्छ नळी घ्यावयाची, वायु किंवा पाणी तिच्यांतून पुष्कळ वेळ वाहूं द्यावयाचें, आणि मग चिमटे आवळावयाचे. दाब पुरेसा झाला कीं नळीच्या समोरासमोरच्या भिंती, आंच नाहीं, डाख नाहीं, अशा एकजीव होतात. तांबें तांब्याला मिळतें. अशा नळ्यांत हेलियम वर्षानुवर्षें जसाच्या तसा राहतो. गंधकी झऱ्यांना मात्र ही युक्ति चालत नाहीं, कारण तेथला वायु तांब्याला खाऊन काळें करतो. त्यांच्यासाठीं कॉस्टिक सोड्याचें पाणी घातलेली, हवा काढून टाकलेली कांचेची निराळी बाटली असते.

मी नळीकडे पाहिलें आणि देवघराकडे पाहिलें. भाची हंसली. “आजीच्या गडूंत तांब्याची चूक नव्हती, मामा, चूक डाखाची. तांबें आणि डाख उन्हाळ्या-हिंवाळ्यांत सारखे फुगत-आकसत नाहींत, सांध्यांत केंसाहून बारीक चीर पडते. आणि तुम्ही दरवर्षीं नेमकी तेथेंच चिंच घांसलीत.”

ज्यांना आपल्या हयातीपलीकडचें साठवावयाचें आहे, ते पोलादाकडे वळले आहेत. टास्मानिया बेटाच्या वायव्य टोंकाला केप ग्रिम येथें १९७८ पासून समुद्रावरची स्वच्छ हवा आंतून झिलई दिलेल्या गंज न चढणाऱ्या पोलादाच्या टांक्यांत भरून ठेवतात. त्या वेळीं जे वायु मोजण्याचें साधनच नव्हतें, ते पुढच्या पिढीनें याच टांक्यांतल्या हवेंत मोजले. भरणाऱ्यांना आपण काय भरीत आहों याची पुरती कल्पना नव्हती. भांडें मात्र नीट निवडलें होतें. अंटार्क्टिकाच्या बर्फांतले बुडबुडे ही तर निसर्गानेंच आठ लक्ष वर्षें राखलेली हवा. पण तो बर्फ खणून आणून पुरेसा थंड न ठेवला, तर त्यांतूनही ऑक्सिजन हळूहळू निसटतो. म्हणून काळजी घेणारे लोक तो उणे ५० अंशांखालीं ठेवतात.

परत जाण्याच्या दिवशीं भाचीनें उरलेला दुसरा गडू फडताळांतून बाहेर काढला. कानाशीं धरून हालविला; आंत पाणी डुचमळल्याचा आवाज आला. मग तिनें तो स्वयंपाकघरांतल्या कांट्यावर ठेवला, ३८६ ग्रॅम हा आंकडा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहिली, व ती चिठ्ठी गडूखालीं ठेवली. “दर वर्षीं याच कांट्यावर वजन करा. कमी झालें तर समजा, कीं गळतो आहे.” मी होकार दिला. तिनें दारांतून वळून पुन्हां सांगितलें, “आणि मामा, आतां घांसायचा नाहीं. चिंचेनें तांबेंही झिजतें. मग पाणी गेलें कीं तांबें गेलें, हें कळायचें कसें?”

म्हणजे येत्या दसऱ्याला देवघरांत सगळीं भांडीं लखलखीत असतांना हा एक गडू काळाच बसणार. आमच्या सौभाग्यवतींना हें मान्य नाहीं, आणि चिंच त्यांनीं भिजत घालण्यासाठीं आतांच काढून ठेवली आहे.